झाकलेला आवा

मे महिन्याच्या मध्यावर एक दिवस धाराशिवात दुपारी बारा वाजून वीस-बावीस मिनिटांनी सावली नाहीशी होते. सरळ उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली गोळा होते, विजेच्या खांबाची खांबाच्या बुडाशी मुरते. सूर्य नेमका डोक्यावर आलेला असतो. त्या वेळी बाहेर कुणी नसतं. जनावरं लिंबाखाली, माणसं ओसरीत, दारावर ओलं पोतं. असं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना ते वेगळं सांगायला नको.

मी एकदा त्या मिनिटाला मुद्दाम अंगणात उभा राहिलो आणि मनातल्या मनात एक गुणाकार केला. आकाश निरभ्र असेल आणि सूर्य माथ्यावर असेल, तर एका चौरस मीटर जमिनीवर सुमारे १००० वॅट ऊन पडतं. आपला जिल्हा साडेसात हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे साडेसातशे कोटी चौरस मीटर. गुणाकार आला ७५ लाख मेगावॅट. हवेतल्या धुळीपायी थोडं कमी धरा. भर उन्हाळ्यात अख्ख्या महाराष्ट्राची विजेची मागणी ३० हजार मेगावॅटच्या आसपास जाते. म्हणजे परांड्यापासून उमरग्यापर्यंतच्या माळांवर, त्या एका दुपारी, राज्याच्या गरजेच्या अडीचशे पट ताकद नुसती ओतली जात होती.

तरी मी हिशेब थांबवला नाही. सगळी मानवजात मिळून, कोळसा, पेट्रोल, गॅस, धरणं, अणुभट्ट्या सगळं धरून, आज साधारण दोन कोटी मेगावॅट वेगाने ऊर्जा खर्च करते. त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त ऊर्जा त्या क्षणी एकट्या धाराशिव जिल्ह्यावर पडत होती. शाळेच्या भूगोलात ज्याच्या नावापुढे ‘अवर्षणप्रवण’ एवढाच शब्द लिहिलेला असतो, त्या जिल्ह्यावर. मी सावलीत आलो तेव्हा डोकं गरगरत होतं, आणि ते नुसतं उन्हाने नव्हतं.

ही ताकद वापरत वापरत एखादी संस्कृती कुठवर जाऊ शकेल, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

आधी वॅट म्हणजे काय ते आपल्या घरातल्या मापाने घेऊ. ऊर्जा म्हणजे कणगीतली ज्वारी. वॅट म्हणजे रोज किती दळता तो वेग. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-सव्वादोन हजार कॅलरी लागतात. चोवीस तासांवर त्या पसरल्या की सरासरी शंभर वॅट येतात. माणूस म्हणजे भाकरीवर चालणारा शंभराचा जुना बल्ब. झोपेत जरा मंद, खुरपताना जरा प्रखर.

या मापाने इतर गोष्टी मोजायला लागलं की आश्चर्याला अंत राहत नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात बांधलेला पाणी महाल आहे. पावसाळ्यात धरण भरलं की नर-मादी धबधबे कोसळतात. तो आवाज ऐकताना वाटतं, इथे केवढी ऊर्जा असेल! पण हजार लिटर पाणी वीस मीटर खाली पडलं तर त्यातून मिळते पन्नासेक कॅलरी. आपल्या मापात चतकोर भाकरीहूनही जरा कमी. एक टन पाणी दणादणा आपटतं आणि त्यात चतकोर भाकरीसुद्धा नसते. उलट बघितलं तर भाकरीत केवढं सामावलंय ते कळतं. चार महिन्यांचं ऊन कणसात दाटून बसलेलं असतं.

दुसरा हिशेब मी जड मनाने करतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायच्या जरा आधी जमीन हलली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, गावं दमून झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांतली सुमारे आठ हजार माणसं गेली. त्या भूकंपाच्या लाटांमधून जेवढी ऊर्जा बाहेर पडली, तेवढं ऊन आपल्या जिल्ह्यावर मे महिन्याच्या दुपारी अर्ध्या मिनिटाच्या आत पडतं. हे पहिल्यांदा ताडून पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. मी आकडे तीनदा तपासले. ऊर्जा किती आहे यावर सगळं ठरत नाही. ती किती वेळात, किती जागेत, कशातून येते यावर ठरतं. उन्हाचं अर्धं मिनिट पसरलेलं असतं, म्हणून त्यात पोरं खेळतात. तीच ऊर्जा दगडमातीच्या माळवदांखालून काही सेकंदांत आली.

तेव्हा संस्कृतीची गोष्ट ऊर्जा असण्याची नाही. ती गोळा करून, हवी तिथे, हवी तेव्हा लावण्याची आहे.

आपल्याच जिल्ह्यात या गोष्टीची दोन हजार वर्षांची पानं आहेत. तेर हे आज तेरणेच्या काठचं गाव. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याने लाल समुद्रापलीकडच्या व्यापाराची जी माहिती लिहून ठेवली, त्या ‘पेरिप्लस’मध्ये ‘तगर’ नावाचं फार मोठं शहर येतं. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं. तिथून साधं कापड, तलम मलमल आणि इतर माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जायचा. हे तगर म्हणजे आपलं तेर, हे फ्लीट या अभ्यासकाने १९०१ साली मांडलं. मला त्या गाड्यांच्या इंधनाचं कौतुक वाटतं. कडबा. ऊन ज्वारीत उतरलं, ज्वारीचा कडबा बैलाच्या पोटात गेला, बैलाने गाडी ओढली, गाडीतलं कापड जहाजावर चढलं आणि रोमच्या बाजारात कुणाच्या तरी अंगावर गेलं. तेरच्या माळावरचं ऊन असं रोमपर्यंत पोचलं होतं.

पुढची अठराशे वर्षं इंजिन बदललं नाही. बैलच. तब्येतीची बैलजोडी दिवसभर ओढते तेव्हा साधारण एक हॉर्सपॉवर देते, पाऊण किलोवॅट. माझ्या आजोबांच्या मळ्यात मोट होती. धावेवरून जोडी उतरायची, नाडा ताणायचा, मोट वर यायची, सोंदूर खेचला की थारोळ्यात पाणी भसकन ओतायचं. मग जोडी उलट्या पावलांनी पुन्हा वर. दिवस उगवल्यापासून एवढं केलं तरी भिजणार किती, तर थोडकं. मग त्याच विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर बसली. पाच बैलजोड्या एका लोखंडी डब्यात, न थकणाऱ्या, कडबा न मागणाऱ्या. मधल्या काळात कोळशाची वाफही येऊन गेली. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये येडशीवरून लातूरला पोचली, तेव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडांनी साठवलेलं ऊन आपल्या मुलखात जळत होतं.

मोटर आली, पण लाइट तिच्या वेळेने यायची. माझे वडील रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला जायचे. आम्ही अंथरुणात जागे असायचो, कारण उसात साप असायचे. दिवसभर डोक्यावर आग ओतणारा सूर्य, आणि पाण्यासाठी रात्री अंधारात जायचं, ही विसंगती तेव्हा कुणाला विसंगती वाटली नाही. आता बांधावर सौर पंपाच्या निळ्या पाट्या दिसतात. पाच हॉर्सपॉवरला दोन खोल्यांच्या पत्र्याएवढी जागा पुरते. कौडगावला महानिर्मितीचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. वाशी-भूमकडे बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्यांची पाती फिरतात. जमिनीवरून वाद झाले, अजून होतात, आणि ज्याची जमीन जाते त्याचं म्हणणं ऐकून घेतलंच पाहिजे. तरी एका गोष्टीने मी थक्क होतो. शाळूचं पान त्याच्यावर पडलेल्या उन्हातलं शेकडा एकसुद्धा पिकात उतरवत नाही. निळी पाटी शेकडा वीसच्या आसपास उतरवते. ती भाकरी देत नाही, पण बैलांची जागा घ्यायला तिला एवढं पुरतं.

आज जगातला सरासरी माणूस जेवढी ऊर्जा वापरतो, तेवढ्यावर पंचवीस माणसांची शरीरं चालतील. भारतीयाच्या वाट्याला आठ-नऊ माणसांची येते, अमेरिकन माणसाच्या नव्वदेक. १९६५ पासून जगाचा एकूण वापर साधारण चौपट झाला. ही चढण अशीच चालू राहिली तर?

हा प्रश्न १९६४ साली मॉस्कोत निकोलाय कार्दाशेव या बत्तीस वर्षांच्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञाने स्वतःला विचारला. त्यांना खरं तर दुसरंच काही शोधायचं होतं. दूरच्या ताऱ्यावर कुणी असेल आणि ते रेडिओवरून बोलत असतील, तर त्यांचा आवाज आपल्यापर्यंत यायला किती ताकद लागेल? ताकद किती असेल हे संस्कृती किती पुढे गेली यावर ठरणार. म्हणून त्यांनी तीन पायऱ्या पाडल्या. पहिलीवरची संस्कृती तेव्हाच्या पृथ्वीसारखी, तिची ऊर्जा ४० लाख मेगावॅट. दुसरीवरची आपल्या ताऱ्याची सगळी ऊर्जा वापरणारी. तिसरीवरची आपल्या अख्ख्या आकाशगंगेची.

पहिल्या पायरीचा आकडा पुन्हा वाचा. १९६४ साली सगळी माणसं मिळून जेवढी ऊर्जा वापरत होती म्हणून कार्दाशेवांनी धरली, ती ४० लाख मेगावॅट. आणि सावली पायाखाली गेलेल्या त्या दुपारी धाराशिवावर पडत होती ७५ लाख. पहिली पायरी आपल्या चार-पाच तालुक्यांच्या माळावर मावते.

दुसरी पायरी मात्र कुठल्याच माळावर मावत नाही. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम करतो. त्यातलं ४२ लाख टन वस्तुमान सरळ ऊर्जा होऊन निघून जातं. हे मेगावॅटमध्ये लिहायचं तर ३८ वर एकोणीस शून्यं द्यावी लागतात. सूर्याच्या एका सेकंदाची ऊर्जा साठवता आली असती, तर आजच्या वेगाने मानवजातीला ती सहा लाख वर्षं पुरली असती. एका सेकंदाची! आणि त्यातलं पृथ्वीला मिळतं किती? २२० कोटी भागांतला एक भाग. मालदांडी ज्वारीचे २२० कोटी दाणे मोजले तर सातशे-आठशे क्विंटल भरतील. आडतीवर एवढी पोती लागलेली बघा आणि त्यातला एक दाणा उचला. तो दाणा म्हणजे पृथ्वीवरचं सगळं ऊन: मान्सूनचे ढग, समुद्राचे प्रवाह, सगळी जंगलं, आपला मे महिना. बाकीची सगळी पोती अंधारात निघून जातात, कुणाच्या उपयोगी न पडता.

या पोत्यांपर्यंत पोचायला किती वेळ लागेल, हेही कार्दाशेवांनी काढलं. वापर वर्षाला फक्त एक टक्क्याने वाढतो असं त्यांनी धरलं. सावकारी ज्यांनी पाहिली त्यांना चक्रवाढ व्याज शिकवावं लागत नाही. शेकडा एक दराने सत्तर वर्षांत दुप्पट, एकशे चाळीसमध्ये चौपट, असं करत ३२०० वर्षांत सूर्याएवढं होतं. ५८०० वर्षांत दहा हजार कोटी सूर्यांएवढं, म्हणजे आकाशगंगेएवढं. तेरच्या गाड्या भडोचला गेल्या त्याला दोन हजार वर्षं झाली. त्या अंतराच्या दीडपटीहून थोडं पुढे गेलं की सूर्य संपला, तिपटीच्या आत आकाशगंगा संपली. तेरच्या पांढरीत आजही त्या काळचे मणी आणि खापरं निघतात. म्हणजे दोन हजार वर्षं हा काळ आपल्या हातात धरता येतो. एवढ्याच मापाच्या काळात, नुसत्या शेकडा एक व्याजावर, आकाशगंगा!

पण मी ज्या घरात वाढलो तिथे दुसरा एक शब्द कानावर असायचा, दामदुप्पट. जुन्या हिंदू कायद्यातला हा नियम सांगतो की थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही. व्याज कितीही चढो, सावकाराला कुठेतरी थांबावंच लागतं. निसर्गाकडेही असा एक नियम आहे, आणि तो त्याने उष्णतेच्या हवाली केला आहे.

मोटर चालली, पाणी चढलं, दिवा लागला, गिरणीत दळण झालं. काम झाल्यावर ती ऊर्जा कुठे जाते? सगळीच्या सगळी शेवटी उष्णता होते. मोटर हाताला गरम लागते, गिरणीतलं पीठ कोमट येतं. आज मानवजात असली जेवढी उष्णता सोडते ती पृथ्वी शोषत असलेल्या उन्हाच्या सहा हजारांत एक भाग आहे, नगण्य. पण वापर साठ पट झाला तर ती शेकडा एक होईल. हरितगृह वायूंमुळे आज जेवढी जादा उष्णता अडकते, साधारण तेवढीच ही होईल, आणि तीही धुराचा एक कण न सोडता, निव्वळ काम केल्यामुळे. वर्षाला २.३ टक्के वाढ धरली तर साठ पटीला १८० वर्षं लागतात. आपले पणजोबा आणि आपला पणतू यांच्यामधल्या अंतराहून फार जास्त नाही. पृथ्वीवर आधीच पडणारं ऊन वापरलं तर हा भार बराच टळतो, कारण ती उष्णता एरवीही इथेच राहणार होती. पण त्या उन्हालाही हद्द आहे. पृथ्वी नावाच्या एका घरात बसून दुसरी पायरी चढता येत नाही. चूल फार मोठी झाली की ती घरात ठेवता येत नाही, अंगणात काढावी लागते.

वाढ हा काही निसर्गाचा हुकूम नाही, हेही मला सांगावंसं वाटतं. ब्रिटन आज १९७० पेक्षा कमी ऊर्जा वापरतो आणि तिथली माणसं तेव्हापेक्षा हलाखीत नाहीत. ज्याच्या घरात पाणी नाही, दिवा नाही, त्याची वाढ झालीच पाहिजे. मराठवाड्यात राहून मी दुसरं काही म्हणूच शकत नाही. पण ज्याचं पोट भरलं त्याचीही भूक कायम चक्रवाढीने वाढते, हे मला पटत नाही. कार्दाशेवांचे आकडे हे भविष्य आहेत असं मी मानत नाही. ते शक्यतेचं आकाश आहे, आणि ते एवढं मोठं आहे हीच आश्चर्याची गोष्ट आहे.

चूल अंगणात काढायची म्हणजे काय करायचं, हे कार्दाशेवांच्याही आधी, १९६० साली, फ्रीमन डायसन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या छोट्या टिपणात सांगितलं होतं. एका इंग्रज लेखकाची, ओलाफ स्टेपल्डन यांची, १९३७ ची ‘स्टार मेकर’ ही कादंबरी वाचून त्यांना ते सुचलं होतं. पुढे गेलेल्या संस्कृतीला जागा आणि ऊर्जा दोन्ही कमी पडतील, मग ती आपल्या ताऱ्याभोवती वस्ती आणि यंत्रं पसरेल. हजारो, लाखो, कोट्यवधी तरंगत्या रचना, प्रत्येकीची स्वतंत्र कक्षा. सगळ्या मिळून ताऱ्याला जवळपास झाकून टाकतील. माल पुरेल का? डायसन यांनी तोही हिशेब केला. एकट्या गुरू ग्रहाचा माल सूर्याभोवती, पृथ्वीच्या दुप्पट अंतरावर गोलाकार पसरला, तर दोन-तीन मीटर जाडीचं कवच होईल.

असा तारा बाहेरून कसा दिसेल? दिसणारच नाही. प्रकाश सगळा आत अडला. मग तो सापडायचा कसा?

इथे मला माझं लहानपण आठवतं, आणि तेर आठवतं. तेर हे संत गोरोबाकाकांचं गाव, आणि गोरोबा जातीने आणि कामाने कुंभार. आमच्या आळीतही एक कुंभारमामा होते. मडकी रचून, मधून मधून गोवऱ्या, तुराट्या आणि भुसा घालून ते आवा लावायचे. वरून गवत, राख आणि ओल्या मातीचा लेप द्यायचे. पेटवल्यावर थोडा वेळ धूर यायचा, मग काहीच दिसायचं नाही. नुसता मातीचा ढीग. एकदा मी विझला समजून त्याच्या अगदी जवळ गेलो. मामा ओरडले, “इस्तू दिसत न्हाई म्हणून विझला व्हय रं? लांबूनच हात धरून बघ.” मी हात पुढे धरला. वीतभर अंतरावर तळव्याला ऊब लागली, सगळीकडून सारखी, दमदार. आत आग होती. बाहेर फक्त तिची ऊब येत होती.

डायसन यांचं टिपण तळव्याला लागलेली हीच ऊब सांगतं. उजेड झाकता येतो, उष्णता झाकता येत नाही. वापरलेल्या ऊर्जेची ऊब बाहेर सोडावीच लागते, नाहीतर आतलं सगळं जळून जाईल. म्हणून झाकलेला तारा डोळ्यांना दिसणार नाही, पण अवरक्त किरणांत, ज्यांना आपण ऊब म्हणतो त्यांत, तो चमकेल. डायसन यांच्या टिपणाचं शीर्षकच मुळी कृत्रिम अवरक्त स्रोतांच्या शोधाबद्दल होतं. ज्याला आज सगळे डायसनचं कवच म्हणतात, ते मला आकाशातला एक आवा वाटतं.

गोरोबांची आणखी एक गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. संतांचा मेळा जमलेला असताना मुक्ताबाईने गोरोबांना सांगितलं, काका, यातली कच्ची मडकी कोणती, पक्की कोणती, ते बघा. गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर थापटत गेले. कार्दाशेवांची पट्टी हेही एक थापटणंच आहे, संस्कृतीच्या डोक्यावर ठोकायचं. पुढे १९७३ मध्ये कार्ल सेगन यांनी त्या पट्टीला बारीक रेघा पाडल्या. ऊर्जा दहा पट झाली की दशांशाची एक रेघ वर. पहिली पायरीही त्यांनी आणखी उंचावर नेली, एक हजार कोटी मेगावॅटवर. त्या हिशेबाने माणसाचा आजचा नंबर ०.७३ येतो. एकवर जायला आजच्या पाचशे पट ऊर्जा लागेल. अजून कच्चं आहे मडकं.

आता प्रत्यक्ष हात धरून बघणाऱ्यांची गोष्ट. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांच्या एका गटाने अवरक्त दुर्बिणीच्या नोंदींतून एक लाख दीर्घिका तपासल्या. आपल्या सगळ्या ताऱ्यांच्या उजेडापैकी ८५ टक्क्यांहून जास्त उजेड वापरून ऊब सोडणारी एकही दीर्घिका त्यांना सापडली नाही. एक लाख घरांसमोरून जाऊन हात पुढे धरला आणि एवढा मोठा आवा कुठेच नव्हता. हे वाचून माझ्या पाठीवर काटा आला होता. इतकं मोकळं आकाश, इतका काळ, आणि अख्खी दीर्घिका कवेत घेणारं कुणीच नाही. पाच-सहा हजार वर्षांच्या चक्रवाढीची गोष्ट खरी होत असती, तर विश्वाच्या तेराशे कोटींहून अधिक वर्षांत ती एखाद्या ठिकाणी तरी दिसायला हवी होती. निसर्गाचा दामदुपटीचा नियम बहुतेक सगळ्यांनाच लागू पडत असावा, असं मला तेव्हापासून वाटतं.

मग २०२४ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी जवळच्या ताऱ्यांकडे मोर्चा वळवला. त्यांच्या प्रकल्पाचं नाव हेफेस्टस. ग्रीकांचा हा देव लोहार, भट्टीपाशी राबणारा. म्हणजे त्यांनाही भट्टीच आठवली होती! युरोपच्या गाया या उपग्रहाने मोजलेले, हजारेक प्रकाशवर्षांच्या आतले ५० लाख तारे त्यांनी घेतले. त्यांच्या उजेडाशी त्यांची ऊब ताडून पाहिली. धुळीने वेढलेले तरुण तारे वगळले, शेजारच्या तेजोमेघांमुळे फसवणारे वगळले, संशयास्पद नोंदी वगळल्या. चाळता चाळता चाळणीत ७ तारे उरले. सगळे लहान, लालसर. त्यांच्या उजेडाच्या मानाने त्यांच्याकडून जास्त ऊब येत होती, आणि तिचं सहज उत्तर मिळत नव्हतं.

थोड्याच दिवसांत दुसऱ्या संशोधकांनी त्या सातांच्या दिशेच्या रेडिओ नोंदी पाहिल्या. तिघांच्या अगदी लगत, पण मागे फार दूर, रेडिओ लहरी सोडणाऱ्या वस्तू सापडल्या. धुळीने भरलेल्या दूरच्या दीर्घिका, ज्यांची ऊब पुढच्या ताऱ्याच्या नावावर जमा झाली होती. शेजारच्या घरातली चूल पेटलेली असावी आणि ऊब आपल्या भिंतीला यावी, तसं. उरलेल्या चारांचंही असंच काही निघण्याची शक्यता जास्त. संशोधकांनाही तेच वाटतं, आणि ते मोकळेपणाने सांगतात.

मला मात्र ते सात तारे शोधायला किती साध्या गोष्टीवर भरवसा ठेवला गेला हे आवडतं. कुठली परकी भाषा उलगडायची नव्हती, कुठला संदेश यायची वाट पाहायची नव्हती. तिथे कोण आहे, ते कसे दिसतात, बोलतात की नाही, यातलं काही माहीत असण्याची गरज नव्हती. ते काम करत असतील तर ऊब सोडतील, एवढंच.

मागच्या उन्हाळ्यात तेरला गेलो होतो. गोरोबांच्या समाधीचं दर्शन घेऊन तेरणेच्या काठाने चालत आलो. नदीत पाणी नव्हतं. गावाच्या कडेला कुणीतरी आवा लावला होता, सांजवेळी, धूर निघून गेलेला. शेजारी दोन लहान मुलं बसली होती. मी थांबून त्याच्याकडे हात केला. थोरली मुलगी म्हणाली, “काका, आत्ता नका उघडू, परवा निघंल.” मी तळवा तसाच धरून उभा राहिलो. वर चांदण्या उगवायला लागल्या होत्या.